पोतंभर माती

बेळगाव स्टेशनात गाडी शिट्टी देत होती, आणि इतरांचे बाप लाडवांचे डबे चढवत असताना माझा बाप मातीचं पोतं डब्यात ढकलत होता. तो आमच्या गल्लीतल्या तालमीचा वस्ताद. मातीची चिमूट नाकाशी धरून तालीम ओळखणारा माणूस. "पैलवानाला परकं गाव नसतं," तो म्हणाला, "परकी माती असते. ती आधी आपली करून घे." आई डोळे पुसत म्हणाली, "जा बाबा, खरं कुणाशी भांडू नको. भांडायचंच झालं तर हौद्यात उतरून भांड. मग हातपाय धू आन् गप जेव."

राज्यांच्या नव्या सीमा ठरल्या, आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हाची ही गोष्ट. चौकाचौकात सभा, मोर्चे, अटका. आणि नेमकं त्याच वेळी मला बंगळूरच्या सरकारी कारखान्यात फिटरची नोकरी लागली. माझे दोस्त स्टेशनावर आले, ते निरोपाला कमी आणि टोमणे मारायला जास्त. "आम्ही हितं लाठ्या खायच्या, आन् तू तिकडं जाऊन लोणी लावून डोसे खायचे!" मित्रांनो, डोसे खाल्ले. खोटं कशाला बोलू?

ते पोतं इतकं जड होतं की लोंढ्याच्या चढाला इंजिनाला दम लागला आणि हुबळीला मागून आणखी एक इंजिन जोडावं लागलं. खोटं वाटत असेल तर गार्डला विचारा. तो आता हयात नाही, पण विचारा.

बंगळूरच्या चामराजपेटेत रामोजीअण्णांची तालीम होती. तिकडं तालमीला गरडी म्हणतात. अण्णांचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इथं आले असं ते सांगत, आणि त्यांची मराठी ऐकून ती त्याच वेळची असावी असं मलाही वाटे. फक्त वाटेत तिनं कानडीशी लग्न केलेलं. "बा रे अप्पा, बस की स्वल्प," असं त्यांनी माझं स्वागत केलं. नव्या पैलवानानं आपल्या गावची मूठभर माती हौद्यात टाकायची, असा त्यांचा रिवाज. मी अख्खं पोतं ओतलं. समोर चिक्कण्णा उभा होता. लाकडाच्या वखारीत कामाला, आणि स्वतःही सागाचा ओंडकाच. त्याला अशी शिंक आली की कोपऱ्यातल्या मारुतीच्या तसबिरीचा हार गळून पडला. तेव्हापासून तो माझा जोड. पुढं अण्णांचे गुडघे गेले आणि सकाळी पोरांना डाव शिकवायचं काम माझ्याकडं आलं. सहाला तालीम, मग सायकलवरून कारखाना.

आपल्याला वाटतं, गडबड गावात ठेवून आपण आलो. ती कुठली राहते! ती पुढच्याच गाडीनं येते. एका वर्षी बंगळूरच्या पेठेतही वातावरण तापलं. भाषेवरून मोर्चे, दुकानांच्या पाट्यांवर डांबर, मधूनच एखादा दगड. अण्णांचा एकच नियम: सकाळी ज्याच्या अंगाला माती लागली, त्यानं त्या दिवशी दगड उचलायचा नाही. ऐकायला भाबडं वाटेल, पण आमची चाळीसेक पोरं ह्या एका नियमानं रस्त्यावरून घरी परत येत होती. त्या वर्षी नोकरीत मी किती नटबोल्ट आवळले ते देव जाणे. पण ही पोरं धडपणी घरी जात होती, हे काम मला खरं वाटत होतं.

मग हौद्यातच सलामी बंद झाली. मराठी बोलणारे एका भिंतीला, कानडी बोलणारे दुसऱ्या. हात मिळवायला कोणी पुढं येईना. आणि एका सकाळी चिक्कण्णा वेताच्या बुट्ट्या घेऊन, दहा-बारा जण मागं घालून हजर.

"अण्णा, आमच्या वाट्याची माती द्या. आम्ही वेगळी गरडी काढतो."

तालीम फुटली की अण्णांचा नियमही फुटणार, आणि संध्याकाळी हीच पोरं एकमेकांसमोर दगड घेऊन उभी राहणार. अण्णा मात्र पान चघळत शांत.

"सरी, बरं. न्या की," ते म्हणाले. "पण चांगली माती तळाला असते. आधी अख्खा हौदा खणा. मग वाटू."

ही युक्ती माझी होती असं मी सगळ्यांना सांगतो. अण्णा आता नाहीत, तेव्हा खोडून काढायला कोणी नाही.

एका टोकाला त्यांची फावडी, दुसऱ्या टोकाला आमची. आधी दमायला कोणीच तयार नाही. खणता खणता मी इतका खोल गेलो की पाताळातला शेषनाग "कोण आहे?" म्हणून ओरडला. ऊन कौलांवर आलं तेव्हा दोन्ही बाजू मध्यावर भेटल्या. माती मैद्यासारखी झालेली, आणि सगळ्यांच्या पाठी घामानं निथळत होत्या.

तेवढ्यात शेजारची पुट्टक्का आली. मातीत घालायला ताकाचं मडकं ती रोजच आणत असे. कमरेवर मडकं घेऊन ती हौद्याच्या काठावर उभी राहिली.

"कोणाच्या वाट्यात ओतू? ताक तर एकच आहे."

चिक्कण्णानं अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी पानाच्या डब्याकडं.

"अय्यो, बेगा सांगा! घरी भात करपतोय. तुमच्या भांडणाला खायला घालू की नवऱ्याला?"

एवढं बोलून तिनं मडकं सरळ मध्यावर उपडं केलं आणि निघून गेली. ताक पडलं की माती लगेच कालवावी लागते, नाहीतर ढेकळं होतात आणि पैलवानाचे खांदे सोलतात. हे प्रत्येकाच्या हाडात मुरलेलं. विचार करायच्या आधीच सगळे गुडघ्यांवर आले. कोणाचे हात कोणाच्या हातांत गेले ते कळलंही नाही. आणि ताजी कालवलेली माती समोर असताना पैलवान घरी जाऊ शकत नाही. चिक्कण्णानं माझ्याकडं पाहिलं, शड्डू ठोकला.

"स्वल्प बघू या?"

त्या कुस्तीत मी त्याला चीत केलं. तो नेमकं उलटं सांगतो.

सगळे राहिले नाहीत. तिघं-चौघं गेले ते गेलेच, आणि त्यांतल्या एकाच्या हातात संध्याकाळी मी दगड पाहिला. पण बाकीची पोरं त्या दिवशी घरीच होती. बुट्ट्या तालमीतच राहिल्या. मातीत पिळायची लिंबं आता त्यांत ठेवतो.

पुढच्या सुट्टीत मी बेळगावला गेलो तो एका पिशवीत ती माती घेऊन. दोस्तांनी पिशवी पाहून विचारलं, "म्हैसूर सरकारनं दिली काय रे?" मी गेल्यापासून बाप तसा कमीच बोलायचा. चार माणसांत मुलगा तिकडं नोकरीला गेल्याचा विषय निघाला की उठून जायचा, असं आई सांगे. त्यानं चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी धरली.

"ताक कमी पडलंय," तो म्हणाला, आणि पिशवी आपल्या हौद्यात ओतली.

घर कशाला म्हणायचं, हे इतक्या वर्षांत मला एवढंच कळलंय: आपल्या मातीत काय कमी पडलंय ते तोंडावर सांगणारा माणूस जिथं असतो, ते. बेळगावात ते काम बाप करतो. बंगळुरात चिक्कण्णा. आणि त्याच्या मते, ताक कधीच कमी नव्हतं. बेळगावची माती जास्त झाली होती.