मानाच्या शालीला लागलेली कसर

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला मुलीचा साखरपुडा आठवतो. मे महिन्यातली सकाळ होती, कशेळ्यातल्या आमच्या अंगणात व्याही पाटावर बसले होते. एका सत्कारात मला मिळालेली लोकरी शाल चार वर्षं कपाटात घडी न मोडता पडून होती, म्हणून नवी न आणता मी तीच काढली. त्यांच्या खांद्यावर घालायला ती उलगडली आणि मी जागीच थिजलो. शालीची पार चाळण झाली होती, आणि घडीतून उडालेला पिवळट पतंग थेट व्याह्यांच्या टोपीवर जाऊन बसला. मुलीने मान खाली घातली. तेवढ्यात व्याह्यांच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, "उन्हाळ्याची शाल हाय रं, खिडक्या ठेवल्यात!" सगळे हसले. मी शाल मागे घेऊ लागलो, तर त्या आईंनी ती धरून ठेवली. "मानाची शाल कोन परत घेतो का?" मग मला सगळ्यांसमोर सांगावंच लागलं, "आई, घरी नेऊ नका. तिच्यात कसर हाय, तुमचे पन कपडे खाईल." "मंग आधी तिला भाजू," म्हणत त्यांनी ती बाहेर उन्हात उभ्या आपल्या जीपच्या तापलेल्या टपावर पसरली. पंगत उठेपर्यंत ती तिथेच होती, आणि वाढता वाढता मी सारखा तिकडेच बघत होतो. मुलगी त्या घरात सुखात आहे. पण साखरपुड्याच्या फोटोतला व्याह्यांचा रिकामा खांदा मला अजून बघवत नाही.