विहारातला बगळा

मला चित्रं काढता येतात, असं आमच्या गावानं परस्परच ठरवून टाकलं होतं. मी अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. तिथं फळ्यावर आंबा, कप अन् घागर काढायला शिकवत, अन् तेवढ्यावर गावानं मला चित्रकार केलं. उन्हाळ्याच्या सुटीत अकोल्याकडच्या आमच्या गावी उतरले, अजून पिशवी खाली ठेवली नाही, तर बा म्हणाला, "विहाराची समोरची भीत तुले काढाची हाये. हंसाची गोष्ट. पौर्णिमेले भंतेजी येऊन राहिले."

विहार म्हणजे मातीच्या चार भिंती अन् वर टिनं. वस्तीतल्या बायामाणसांनीच माती तुडवून रचलेला. समोरच्या एकाच भिंतीला चुना लागला होता, बाकीच्या तशाच मातकट. बा कमिटीचा मुख्य. हंसाची गोष्ट लहान पोरांनाही पाठ होती: बाण लागलेला हंस बुद्धानं लहानपणी उचलला, त्याला बरं केलं, अन् मारणाऱ्यानं कितीही मागितला तरी परत दिला नाही.

आता माझ्या मायचं सांगते. छप्पनच्या आधी पंचमी आली की माय गेरू, चुना, हळद अन् काजळी घेऊन भिंतीशी बसायची. नाग एकदाचा उरकून टाकायची, अन् मग त्याच्याभोवती राघू, साळुंक्या, तितर, चिमण्या काढत अख्खी भिंत भरून टाकायची. नाग बिचारा त्या गर्दीत हुडकावा लागायचा. मग आम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलो. देव नदीत सोडले, सण सोडले. बा म्हणाला, "आता भितीवर काई नाई काढाचं. कोऱ्या ठेवा."

देव गेल्याचं मायला काडीचं दुःख नव्हतं. त्यांनी आमचं कोणतं भलं केलं होतं? पण पाखरं का गेली, हे तिला उमजलं नाही. तिनं विचारलंही नाही. अंगण सारवताना ओल्या शेणात बोटानं एखादी चोच काढायची अन् लगेच हात फिरवून पुसायची. ते पाहून मला बाचा राग यायचा. पण त्याच हट्टी माणसानं भावकीच्या नाकावर टिच्चून मला शिकायला धाडलं होतं. रागावू तरी किती?

तर मी कोळसा घेऊन विहारात उभी राहिले. उचलणारे दोन हात बरे निघाले. पण हंस? हंस मी कुठं पाहिला होता? आमच्या गावात कोणीच पाहिला नव्हता. पुस्तकातलं बोटाएवढं चित्र आठवून आठवून काढला. माय प्यायला पाणी घेऊन आली, भिंतीकडं बघितलं अन् पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अवो माय! हे पाखरू हाये का गाडगं?"

"मंग तूच काढ ना!" मी चिडले अन् कोळसा तिच्या हातात कोंबला. माझ्या तापट स्वभावानं जन्मात केलेलं एकच चांगलं काम ते.

तिनं आधी दाराकडं पाहिलं. मग माझं गाडगं पदरानं पुसलं अन् मानेची रेघ ओढली, एका दमात, कुठं थांबली नाही. बघता बघता त्या दोन हातांत एक बगळा आला. आमच्याकडं नांगरामागं किडे टिपत चालतो, तोच. एक पंख निखळून खाली लोंबलेला, पाय लांब पडलेले, चोच जराशी उघडी. गावात कोणाला लागलं की लोक जमतात, तशी त्याच्याभोवती राघू, साळुंक्या, तितर अशी सारी मंडळी जमली. इतकी वर्षं कुठं दडून बसली होती कोण जाणे!

शेजारची खाला रोज डोकवायला लागली. गावाचा ताजिया दरसाल तिच्या घरी बनायचा. एक दिवस तिनं ताजियाचा उरलेला हिरवा रंग आणला, कागदाच्या घड्या घालून कात्रीनं जाळी कापली अन् म्हणाली, "किनारी के बिगर चित्र उघडा लगता, बाई." त्या जाळीवरून रंग फिरवून तिनं साऱ्या भिंतीला किनार लावून दिली. माय अन् खाला एकमेकींच्या हिरव्या बोटांकडं बघून हसत होत्या. देवाला मी मानत नाही, म्हणून त्या दिवसांसाठी आभार कोणाचे मानावे ते मला समजत नाही. त्या दोघींचेच मानते.

भिंत पुरी झाली त्या संध्याकाळी कमिटी आली. एकानं डोळे बारीक केले.

"हा तं बगया हाये! हंस कुठी हाये?"

"किनार ताजियाची, पाखरं पंचमीची, अन् बुद्धाच्या हाती बगयाभगत!" दुसरा म्हणाला. "लोक हसतीन ना बापा आपल्याले. भंतेजी काय म्हनतीन?"

त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्यावर हसायला गाव टपूनच बसलं होतं.

माय कोपऱ्यातून बोलली. "हंस म्या पाह्यलाच नाई. बगया पाह्यला. वावरात निंदाले गेलती तवा बांधावर पडेल होता, पंख मोडेल. म्या उचलला, पाणी पाजलं. तसाच काढला."

पण शेवटी ठरलं तेच: सकाळी मुख्यानं भिंतीवर चुना मारावा. बा खाली मान घालून ऐकत होता. घरी येऊन माय मुकाट्यानं भाकरी थापायला बसली. मला वाटलं, आता हिचा हात परत कधी भिंतीला लागत नाही.

सकाळी बा चुन्याची बादली अन् कुंचा घेऊन गेला. मायनं तोंड फिरवलं. मी मागून गेले ती भांडायच्या तयारीनंच, तर दाराला आतून कडी!

"बा, उघड!" मी दार बडवलं.

"काम करून राह्यलो. बोंबलू नको."

ऊन चांगलं वर आल्यावर त्यानं दार उघडलं. मिशांपासून पायापर्यंत पांढरा झाला होता. म्हणाला, "मायले बोलाव."

माय पिठाच्या हातानंच आली. आत बगळा होता तिथंच होता. बाकीच्या तिन्ही मातकट भिंती ओल्या चुन्यानं लखलखत होत्या.

"कमिटीले काय सांगाचं थे म्या सांगतो," बा तिच्याकडं न बघता म्हणाला. "ह्या भिती वायल्या की मंग ह्याच्यावर काढ. कोऱ्या बऱ्या नाई दिसत."

मायनं डोळे पुसले तर पीठ गालाला लागलं. मग तिनं एकेक भिंत नीट बघून घेतली अन् बाला म्हणाली,

"तं मंग नीळ आना थोडी. मोर काढीन म्हन्ते."