आमच्या स्मशानभूमीचं टॅक्स रिटर्न

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. बंडीच्या खिशात तंबाखूचा चुरा जमतो ना, रोज चिमूटभर? आपल्याला पत्ता नसतो. बंडी धुवायला पडते, बायको बोंबलते, तेव्हा कळतं की अरे, हा तर मूठभर झाला! माझं तसंच झालंय. आयुष्यभर मी गावाच्या खोड्या काढल्या आणि म्हातारपणी गावाने माझी एकच काढली. मला स्मशानभूमीच्या ट्रस्टचा सेक्रेटरी केलं. तिथे गेलेला माणूस कायमचा गप्प होतो. मी एकटाच असा, की तिथे गेल्यापासून बोलायचा थांबलेलो नाही!

*

आधी सेक्रेटरी कसा झालो ते ऐका. शिक्षण सातवी. तीही गुरुजी कंटाळले म्हणून.

ट्रस्टचा अध्यक्ष कोण, असा विषय गावच्या मीटिंगला निघाला. हात कोणी वर करेना. स्मशानाचा अध्यक्ष व्हायची हौस कोणाला? आमचे दोस्त नाना तेव्हा सुरतेला मुलीकडे गेलेले. मी मागून ओरडलो, "नाना!" टाळ्या पडल्या, ठराव झाला, चहा झाला.

नाना परत आले. त्यांना कळलं. पुढच्या मीटिंगला मी शिरपूरला लग्नाला गेलो होतो. बुंदी खाऊन परत येतो, तर मी सेक्रेटरी!

"काबरं नाना?" म्हटलं.

"आबा, मी एकटा कसा जाऊ तठे?" नाना म्हणाले. "सोबत जोयजे ना!"

*

बरीच वर्षं काही त्रास नव्हता. ट्रस्टची जमा इतकी किरकोळ की सरकारला रिटर्न द्यायची गरजच पडत नव्हती. मग सिंधूअक्कांचे मालक गेले. ऐन श्रावणात. आमच्या दहनाच्या ओट्यावर छप्पर नाही. चार जण ताडपत्रीची चार टोकं धरून तीन तास उभे होतो. त्यातलं एक टोक माझ्या हातात होतं. मला शिंक आली. पुढचं सांगत नाही. सरण विझलं, पुन्हा पेटवावं लागलं, आणि हे सगळं घरी अक्कांच्या कानावर गेलं.

तेराव्यानंतर अक्का माझ्या दारात आल्या. "आबा, मी जासू तवय वर पत्रा जोयजे," म्हणाल्या. त्या जातील तेव्हा ओट्यावर छप्पर हवं. बस्स. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी ईर्ष्येने वर्गणी फिरवली. सुरत, पुणे, नाशिक, जिथे जिथे गावचा माणूस तिथे फोन. पैसे आले, पत्र्यांपुरते आले. आणि जळगावच्या आमच्या सीए वर्षाताई म्हणाल्या, "आबा, आता जमा मर्यादेच्या वर गेली. ऑडिट करावं लागेल, रिटर्न भरावं लागेल. वेळेत भरलं नाही तर सवलत जाईल आणि वर्गणीवर टॅक्स बसेल."

"म्हणजे पत्रे?"

"अर्ध्या ओट्यावर बसतील."

अर्धा माणूस कोरडा आणि अर्धा ओला! अक्कांना काय तोंड दाखवू? तेव्हापासून मी कामाला लागलो. तिथेच चुकलं.

*

पहिली अडचण फाईलची. आमच्याकडे स्मशानातून आलेली वस्तू घरात घेत नाहीत, आणि माणूस आला तर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. ट्रस्टची फाईल कुठली? स्मशानाची. मग ती ठेवायची कोणाच्या घरी? नानांच्या सूनबाईंनी दारातूनच हात जोडले. पिठाच्या गिरणीत ठेवली तर बायका दळण घेऊन दुसऱ्या गिरणीला जायला लागल्या. शेवटी ती माझ्या मोटारसायकलच्या डिक्कीत राहायला गेली. शिक्का, पावतीपुस्तक, सगळं ऑफिस डिक्कीत.

पण कागद काढायला फाईलला हात लागायचाच. मग अंघोळ. ऑडिटच्या दिवसांत मी दिवसाला चार-चार अंघोळी केल्या. जन्मात इतका स्वच्छ नव्हतो!

वर्षाताईंना दया आली. "आबा, इतका त्रास कशाला? कागदांचे फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवा."

मी खूश. मोटारसायकलपाशी बसून एकूण एक, बठ्ठे फोटो काढले, पाठवले, अंघोळ केली, जेवायला बसलो. बायकोने विचारलं, "फोटो कशात काढले?"

"फोनमध्ये."

त्या दिवसापासून माझा फोन गोठ्यात चार्जिंगला लागतो.

*

ट्रस्टचा नोंदलेला पत्ता: स्मशानभूमी, नदीकाठ. कागदोपत्री तेच आमचं कार्यालय. टॅक्स खात्याच्या कामासाठी एका ऑफिसातून तरुण साहेबाचा फोन आला. पत्त्यावर येऊन खात्री करायची होती.

"ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"चोवीस तास," म्हटलं. "पण तुम्ही घाई करू नका."

आता इथे गप्प बसायचं की नाही? माझी जीभच वाईट. साहेब बिचारे खरंच आले. भर उन्हात, नदीकाठी, एका ओट्यावर लिंबाची सावली पडली होती तिथे रुमाल पसरून बसले. कागद काढले. मी घरून आणलेला चहा दिला. चहा छान झालाय म्हणाले. दोन सह्या झाल्या, तिसरी राहिली होती. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बसलात ना, तो आमचा मुख्य विभाग."

साहेब उठले ते रुमाल तिथेच ठेवून गेले. तिसऱ्या सहीसाठी मला जळगावला तीन खेपा पडल्या. एस.टी.ने. उभ्याने.

*

मग आली गुप्तदानाची भानगड. स्मशानाला दिलेलं दान सांगायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत. पेटीत पाकीट टाकायचं आणि मागे न बघता निघायचं. अशी अकरा पाकिटं निघाली होती. वर्षाताईंनी कपाळाला हात लावला. "आबा, बिननावाची देणगी जास्त झाली की तिच्यावर वेगळा टॅक्स लागतो. नावं लागतील."

मी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुकारा केला. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. कोणी नाही. तिसऱ्या दिवशी मला अक्कल सुचली. भोंग्यात म्हटलं, "ज्यांनी पाकीट टाकून नाव दिलेलं नाही, त्यांना नव्या पत्र्यांखाली शेवटी घेतलं जाईल!"

सकाळी दारात ही गर्दी! मी वही घेऊन बसलो. नाव, गाव, आधार नंबर.

गुप्तदान करणारे अकरा. नाव द्यायला आले त्रेचाळीस!

वर्षाताईंना आकडा सांगितला. "आबा, खरे अकराच पाठवा," म्हणाल्या. खऱ्या अकरांना शोधायला मला पंधरवडा लागला. रिटर्नच्या तारखेला तेवढेच दिवस कमी उरले.

*

ट्रस्टची घटना मीच सांगितलेली, तलाठ्याच्या भाच्याने लिहिलेली. उद्देश काय, असं त्याने विचारलं होतं. मी गंमतीत म्हटलं, "गावातल्या प्रत्येकाला एकदा तरी सेवा देणे." त्याने तेच लिहिलं. तेच नोंदलं गेलं.

पुढे सवलतीच्या कामासाठी एका साहेबांसमोर उभं राहायची वेळ आली. साहेब सज्जन. चष्मा वर करून त्यांनी वाचलं. "एकदा तरी? म्हणजे एकाच माणसाला अनेकदा सेवा देता?"

"प्रयत्न असतो साहेब," म्हटलं. "पण दुसऱ्यांदा कोणी आलं नाही."

साहेब हसले नाहीत. शेजारी वर्षाताईंनी माझ्या पायावर पाय दिला. सँडल टाचेची होती.

"सेवा मिळाल्याचं काही पत्र? लाभार्थ्याचं?"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, ओठांपर्यंत आलं होतं. पायावर दुसरी टाच बसली. मी म्हटलं, "नातेवाइकांचं चालेल का?"

चाललं.

*

आता शेवटचं. सगळं तयार झालं. ऑडिट झालं, फॉर्म भरला. उरला फक्त ओटीपी. तो येणार नानांच्या फोनवर, कारण अध्यक्ष नाना आणि पोर्टलवर नाव फक्त नानांचं. आणि नेमके नाना आजारी पडले. छातीत कफ. दवाखान्यात राहायला तयार नाहीत, म्हणून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलवून घ्या.

वर्षाताईंना फोन केला. "आबा, ते गेले तर नवा अध्यक्ष नोंदवण्यात महिने जातील. तारीख आजची आहे."

दुपारी मी नानांच्या उशाशी. ओसरीवर गाव बसलेलं. तुळशीचं पान, गंगाजल, सगळं तयार. सिंधूअक्का पायाशी. माझ्या डोळ्यांतून धारा. बाया एकमेकींना म्हणत होत्या, दोस्ती असावी तर अशी! मी ओटीपीसाठी रडत होतो, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

नानांनी एक डोळा उघडला. "आबा, काय तारीख शे आज?"

"शेवटची, नाना."

"मन्ही का रिटर्नची?"

तेवढ्यात उशीखाली फोन वाजला. माझ्या फोनवर वर्षाताई ओरडल्या, "ओटीपी गेलाय! पंधरा मिनिटं!" मी उशीकडे हात नेला. त्याआधी नानांची मूठ तिथे पोचली. मरणाऱ्या माणसाची पकड इतकी असते, हे मला माहीत नव्हतं.

"आते तुले मन्ही गरज शे, ना?"

"आहे नाना. पत्र्यांसाठी तरी सांगा. अक्कांसाठी."

नानांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि एकेक आकडा सांगितला. चार. शून्य. नऊ. नऊ. दोन. आणि थांबले.

"सहावा?"

"पहिले लिखी दे. नवा पत्रासना खाले पहिला नंबर मन्हा."

मी अक्कांकडे पाहिलं. पत्रे त्यांच्यामुळे. अक्का म्हणाल्या, "दे लिखी. मी दुसरी."

कोनाड्यात लग्नपत्रिका होती. तिच्या पाठीवर लिहिलं, सही केली. नाना म्हणाले, "शिक्का?" शिक्का डिक्कीत! मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी. या वयात मी कसा पळालो ते गावाने पाहिलंय. धोतर हातात, मागे कुत्री. शिक्का आणला, मारला. नानांनी पत्रिका उजेडाला धरून तपासली.

"शिक्का उलटा शे."

"नाना! चार मिनिटं राहिली!"

"सात," नाना म्हणाले.

"सात मिनिटं नाही हो, चार!"

"सहावा आकडा सात शे, येड्या!"

वर्षाताई ओरडल्या, "भरलं! आबा, भरलं!" ओसरीवर टाळ्या. नानांनी पत्रिका बंडीच्या खिशात घातली आणि सूनबाईंना चहा टाकायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन ते पारावर हजर.

पत्रे बसले. पूर्ण ओट्यावर. निळे, चकचकीत. नाना रोज सकाळी जाऊन बघून येतात. आणि काय असेल ते असो, पत्रे बसल्यापासून गावात कोणी गेलं नाही. दोघंतिघं अंथरुणाला खिळली होती. ती सुरतेला, पुण्याला पोरांकडे गेली आणि जे व्हायचं ते तिकडेच झालं. नानांना गावातून रोज कोणी ना कोणी दूध पाठवतं. अक्का स्वतः घेऊन येतात. "नाना, पियी ल्या," म्हणतात. "तुम्हले घाई नही, माले बी नही."

परवा पारावर नानांसोबत चहा घेत होतो. वर्षाताईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"आबा, यंदाचं काम काढलंय. वर्षभरात सेवा दिल्याची एकही नोंद नाही! संस्था कामच करत नाही असं दिसलं तर सवलत परत अडकेल हो. वर्ष संपायला तीन आठवडे आहेत. बघा, काही होतंय का."

फोन बंद झाला. नानांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि मला टोपीपासून चपलेपर्यंत एकदा नीट पाहिलं. मग बंडीच्या खिशातून ती लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली.

"ले, आबा. मन्हा नंबर तुले दिना."