पेनड्राइव्ह ओढला आणि गाणी गेली



माझी आई वरळी कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेली लग्नाची जुनी गाणी वर्डमध्ये टाईप करून ठेवते. फाईल पेनड्राइव्हवर. आज परळला माझ्याकडे आली, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, फाईल थेट त्यातूनच उघडली आणि चुका सुधारत बसली. निघायच्या घाईत वर्ड बंद न करताच तिने पेनड्राइव्ह ओढून काढला.

परत लावला, तर फाईल उघडेचना.

“गेली का गं सगळी?” आईने हळूच विचारलं.

तिने मला पूर्वी मेल केलेली एक कॉपी सापडली. पण कोळीवाड्यातल्या हिराआजीने नंतर सांगितलेली दोन गाणी त्यात नव्हती, आणि आईला ती अर्धवटच आठवत होती. नव्वदीच्या बाईला पुन्हा त्रास कसा द्यायचा, म्हणून ती फोन करेना. शेवटी मीच लावला.

“त्यात काय गं, परत म्हनते की,” आजी हसली.

स्पीकरवर ती गात होती, आई टाईप करत होती. मध्येच आई थांबली. “आजी, हे कडवं मागच्या वेळी नव्हतं!”

“तवा आठवलं नव्हतं.”

या वेळी फाईल आधी लॅपटॉपवर सेव्ह केली, वर्ड बंद केलं, मग पेनड्राइव्हवर कॉपी केली आणि इजेक्ट करूनच तो काढला.

तुमच्या घरातलं असं काय एकाच पेनड्राइव्हवर आहे? आजच दुसरी कॉपी करा. प्रत्येकाला परत फोन लावता येतोच असं नाही.