दगडी विहिरीचं चित्र

नोकरीतली बरीच प्रकरणं डोक्यातून गेली. हे एक गेलं नाही. सत्तरच्या दशकातली, भिवंडीतली गोष्ट. तिथल्या पोलीस ठाण्यात मी एकटीच बाई पोलीस होते. बाईमाणसाची चौकशी निघाली की फौजदार साहेब मला हाक मारायचे.

गावातली जुनी दगडी विहीर ढासळत चालली होती. तिच्या पायऱ्यांच्या दुरुस्तीला पैसे जमवायला एका मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्यातलं मुख्य चित्र आमच्याच भागातल्या एका म्हाताऱ्या चित्रकाराचं. भिंतभर लांब, आणि त्यात तीच विहीर, पाणी भरणाऱ्या बायकांसकट. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेल्या कोऱ्या कापडावर डिंकात कालवलेल्या रंगांनी त्याने ते काढलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा लिलाव होता. त्याच दिवशी दुपारी मंडळाचे चिटणीस ठाण्यात धावत आले. चित्र चोरीला गेलं होतं.

फिर्याद घेतली, पंचनामा झाला. कुलूप कुठेच तुटलेलं नव्हतं. तेवढ्यात शाळेमागच्या पानवाल्याने खबर दिली की हॉल झाडणाऱ्या बाईने सकाळी मागच्या दाराने एका टेम्पोत काहीतरी लांबलांब चढवलं. बाई जवळच्या शेलार गावची. तिला चौकशीला आणलं. साहेब मला म्हणाले, "संध्याकाळच्या आत कबुली घे. नाहीतर अटक दाखवतो."

मी तिला बाकावर बसवलं.

"टेम्पोत काय घातलंस?"

"काय न्हाय."

"पानवाल्याने बघितलं."

"त्याचे डोले फुटले. दिसभर बायकाच बघतो."

बाई घाबरली होती, पण तोंडाने तिखट. मी ओरडले, समजावलं, पाणी दिलं. ती आपली 'न्हाय'वरच. खोटं बोलत होती हे उघड दिसत होतं.

पाणी पिताना तिच्या डोक्यावरचा पदर घसरला. केसांत रुईचे, म्हणजे कापसाचे, बारीक पांढरे तंतू अडकलेले होते. भिवंडीत लूमवरचा माणूस असाच दिसतो, त्यात नवल नाही. पण ही लूमवर नव्हती. हॉल झाडणारीच्या डोक्यात धूळ असते.

"कुठल्या लूमवर जातेस?"

"मी कुठं? मी झाडू मारते."

"मग ही रुई काय आकाशातून पडली?"

ती रडायलाच लागली. हॉल रिकामा असला की ती मागच्या पडवीत बसून कापडाचे ताके साफ करायची. गाठी काढायच्या, लोंबते धागे कापायचे. मालकाचा टेम्पो ताके आणून टाकायचा आणि सकाळी घेऊन जायचा. "झाडूच्या पगारात भागत न्हाय, बाय. चिटणीसांना कललं तर कामावरून काढतील. म्हून बोलले न्हाय."

मी बाहेर येऊन चिटणीसांना विचारलं, "साहेब, सकाळी शाळा भरते म्हणून काल चित्रं उतरवलीत. हे कुठे ठेवलंत?"

"सुरक्षित जागी."

"जागेला नाव असेल."

"कपाटात मावेना. गुंडाळून वर कोरं कापड लपेटलं आणि रात्री अंधारात मागच्या पडवीत उभं केलं."

झालं. चित्र ताक्यांत उभं होतं आणि ताक्यांबरोबर गेलं होतं. पण खरी धास्ती पुढेच होती. ताके जातात कापड धुऊन पांढरं करायच्या कारखान्यात. तिथे हे कापड भिजलं असतं, तर विहीर, बायका, सगळं गटारात.

बाईला जीपमध्ये घातलं. कारखाना तिनेच दाखवला, कोन गावाच्या पुढे. आत एक कामगार शिवणयंत्रावर ताक्याला ताका जोडत होता. जोडलेलं कापड पुढे सरकत हौदात उतरत होतं.

"मशीन बंद!" मी दारातूनच ओरडले.

बाई माझ्याही पुढे धावली आणि एका गुंडाळीवर आडवी पडली. "ह्यो माझा ताका न्हाय!"

वरचं कापड सोडलं. आत चित्र, कोरडं. वरच्या कापडाखालून बाहेर आलेलं त्याचं एक टोक पुढच्या ताक्याला शिवून झालं होतं.

कामगार डोकं खाजवत म्हणाला, "बाईजी, ये ताका कडक हुआ था. मैं बोला, कांजी जादा लगी होगी."

ठाण्यात परतल्यावर चिटणीस म्हणाले, हिला कामावर ठेवणार नाही. मी सरळ सांगितलं, "मग कागदावर सगळंच येईल. चित्र पडवीत कोणी टाकलं, तेही." साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. चिटणीसांनी फिर्याद मागे घेतली आणि बाईचं कामही राहिलं.

लिलाव ठरल्या वेळी झाला. चिटणीस कारखान्यातल्या शिवणीच्या टाक्यांचं टोक कापायला निघाले होते. चित्रकाराने त्यांचा हात धरला. म्हणाला, "राहू द्या. भिवंडीत काढलंय, कळू दे."

दुसऱ्या दिवशी बाई दुधी भोपळा घेऊन ठाण्यात आली.

"घेता येत नाही," मी म्हटलं.

"मंग साहेबांना दे."

"त्यांनाही नाही."

"मंग पोलीस खातात काय?" असं म्हणून भोपळा घेऊन निघून गेली.

माणूस खोटं बोलला की पोलीस त्याला चोर समजतो. मीही अर्धंअधिक तसंच समजले होते. पुढे सगळ्या नोकरीत मी एक केलं. खोटं पकडलं तरी तिथे थांबले नाही, तो खोटं कशासाठी बोलतोय ते आधी शोधलं. त्यामुळे बरीच माणसं कोठडीच्या दारातून परत घरी गेली. बक्षीस कोणी दिलं नाही, मी मागितलंही नाही.

विहिरीच्या पायऱ्या बांधून झाल्या तेव्हा पाटीवर देणगीदारांची नावं लागली. आमची नव्हती. शेलारच्या त्या बाईने आणि मी खालच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. ती म्हणाली, "बाय, दगड मजबूत हायत." मी म्हटलं, "असणारच. आपण वाचवलेत."