दोन ओळींनंतर बादली

आमच्याकडे गाण्यात मध्येच जो विसावा येतो, त्याला बादली म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, आणि मग आपलीच चेष्टा चाललीय असं वाटून गप्प बसतो. पण इथल्या कुणालाही विचारा. दोन ओळी म्हणायच्या, बादली घ्यायची, मग पुढच्या दोन ओळी. आमची सगळी गाणी अशीच आहेत, आणि त्याला कारण माझी ताई.

ताईला गाण्याचं वेड लहानपणापासूनच. लग्न झालं ते मात्र एका दूधवाल्याशी. आमच्या आईचा जीव तुटला. ‘पोरीचा गळा शेणात गेला,’ असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. ताई म्हणाली, ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं,’ आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून धार काढायला बसली. दोन्ही हात कामात गुंतले की माणसाजवळ तोंड तेवढं मोकळं राहतं. ती गाऊ लागली. ती गायली की गाई पान्हा चोरत नाहीत, असं भाऊजी म्हणत. मला काही ते पटत नाही. चारा चांगला असणार. पण गाण्याचा तेवढा एकच उपयोग त्यांना समजत होता, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

भाऊजींबद्दल काय सांगावं? उंच, थोडे वाकलेले, आणि बोलणं इतकं कमी की पैज लावून बोलतं करावं. सूर आणि सुरी यांतली त्यांना सुरीच तेवढी कळे. टाळी दोन हातांनी वाजते म्हणतात, भाऊजींची दोन हातांनीही चुकत असे. सगळे ताल धरून टाळ्या वाजवत असले की यांची टाळी बरोब्बर दोन टाळ्यांच्या मधे पडायची. ताई हसून हसून बेजार व्हायची. ‘अहो, एकदा तरी चुकून बरोबर वाजवा,’ म्हणायची. मूलबाळ झालं नाही, त्यावरून लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं, पण त्या घरात ताईचं हसणं काही कमी झालं नाही.

उन्हाळ्यात गुरं दिवसरात्र बाहेर कुरणात असतात आणि गोठा रिकामा पडतो. एका उन्हाळ्यात ताईने तो धुऊन काढला, मधोमध उभी राहिली, वर लाकडी छपराकडे बघून एक तान घेतली आणि मला म्हणाली, ‘इथे गाण्यांचं नाटक करू या.’ मी म्हटलं, ‘वास येतोय.’ ती म्हणाली, ‘लोकांना सांगू, घोड्यांच्या राजाची गोष्ट आहे.’ झालं. त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात आमचं गोठ्यातलं नाटक. गाणी ताईची, कपडे माझे, कारण मी शिवणकाम करते. पोस्टमन दर वर्षी राजा, कारण मिशा त्यांनाच आहेत. पडदा ओढायचं काम भाऊजींचं. ते ताईने सरळ त्यांच्या गळ्यात घातलं होतं. लोक घरून खुर्च्या घेऊन येत आणि जाताना हमखास दुसऱ्याची घेऊन जात.

गाणी मात्र बसवायची हिवाळ्यात, धारेच्या वेळी. ताईला दुसरी फुरसतच नसायची. आम्ही बायका उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसायचो, ती गाईखाली. दोन ओळी म्हणायची, थांबायची, बादली थोडी पुढे सरकवायची, गाईला ‘सरक गं’ म्हणायची आणि पुढच्या दोन ओळी घ्यायची. आम्ही जसं ऐकलं तसं पाठ केलं. थांबायचं तिथे थांबलो. गाणं असंच असतं, असंच आम्हाला वाटलं. त्या थांबण्याला बादली कधी आणि कुणी म्हणायला लागलं, ते आता कुणालाच आठवत नाही.

नाटकात पेटी एरवी ताईच वाजवायची. यंदा तिला ते जमेना, म्हणून आम्ही बाहेरून एक पेटीमास्तर आणले. शांत, भला माणूस. पहिल्याच तालमीत त्यांनी हात वर केला.

‘इथे तुम्ही का थांबता?’

‘बादली आहे ना,’ पोस्टमन म्हणाले.

‘कसली बादली?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हवा कसली, असं कुणी विचारावं तसा तो प्रश्न होता. ‘तालात बसत नाही हो,’ मास्तर काकुळतीने म्हणाले. ‘तालात नसेल,’ मी म्हटलं, ‘गोठ्यात आहे.’ माझी जीभ अशीच. आई म्हणायची, हिचं तोंड आवरायला एक वेगळं माणूस ठेवायला हवं.

ताई तेव्हा कोपऱ्यात शाल गुंडाळून बसली होती. ती इतकी हसली की तिला खोकला लागला. ‘मास्तरांचं खरं आहे,’ ती म्हणाली. ‘अगं बायांनो, मी नुसती बादली सरकवत होते. काढून टाका ती.’ आम्ही काढून टाकायला बघितलं. खरंच बघितलं. दोन ओळी झाल्या की सगळ्यांची तोंडं आपोआप मिटायची, आणि पेटी एकटीच पुढे निघून जायची. शेवटी मास्तरांनीच हात टेकले आणि बादलीत भाता सोडून स्वस्थ बसायला शिकले.

तो खोकला साधा नव्हता. डॉक्टरांनी भाऊजींना बाहेर बोलावून सांगितलं आणि भाऊजींनी येऊन मला सांगितलं, तेही गोठ्यात, खराटा मारता मारता. ‘घरीच ठेवा म्हणतात. आता करण्यासारखं काही नाही म्हणतात.’ एवढं बोलून त्यांनी झाडून झालेली जागा पुन्हा झाडायला घेतली. मला त्यांचा भयंकर राग आला. रडा तरी, असं ओरडावंसं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की रडत मीच होते, आणि त्यांनी खराटा चालू ठेवला होता तो मला मोकळं रडता यावं म्हणून.

उन्हाळा आला तोवर ताईचा आवाज पार बसला होता. कानाशी तोंड आणलं तर कुजबुज ऐकू यायची. आम्ही नाटक रद्द करायचं ठरवलं. हे सांगायला मी गेले, तर तिने माझं मनगट असं धरलं की मला वाटलं, हिला कोण आजारी म्हणतं.

‘शेवटचं गाणं मी एकदाही पुरं ऐकलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘सगळ्यांच्या तोंडून. माझ्या डोक्यात आहे तेवढंच. ते ऐकल्याशिवाय मला जायचं नाही.’

‘असं अभद्र बोलू नकोस.’

‘बरं, यायचं नाही म्हणते. तू नाटक कर.’

गोठ्याला लागूनच दुधाची खोली आहे. दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक लहान खिडकी आहे, कॅन इकडून तिकडे द्यायला. ती आमच्या रंगमंचाच्या अगदी बाजूला पडते. भाऊजींनी तिथे पलंग आणला, उशाशी दुधाचा एक रिकामा कॅन ठेवला आणि ताईच्या हातात चमचा दिला. ठरलं असं की प्रत्येक बादलीला ती कॅनवर एकदा ठोकणार. ‘ठोकलं की समजायचं, मी ऐकतेय,’ ताईने आम्हा सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं. ‘मध्ये कुणी थांबलात तर याद राखा.’ पडदा यंदा बेकरीवाल्याने ओढायचा आणि भाऊजींनी तिच्यापाशी बसायचं, हेही तिनेच ठरवलं.

नाटकाच्या संध्याकाळी गोठा भरून गेला. ऊन अजून उतरलं नव्हतं, फळ्यांच्या फटींतून ते लोकांच्या डोक्यांवर पट्ट्या ओढत होतं. पहिलं गाणं सुरू झालं. दोन ओळी झाल्या, आम्ही थांबलो, आणि खिडकीतून आवाज आला, ठण. अगदी जागच्या जागी. लोकांना सगळं ठाऊक होतं. कुणी हसलं नाही, कुणी खोकलं नाही. आम्ही पुढच्या ओळी घेतल्या. पुन्हा ठण. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली कधी गायले नव्हते, आणि ते श्रेय माझं नाही.

मध्यंतरात मी धावत आत गेले. ताईचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण डोळे जागे होते. मी कान तिच्या तोंडाशी नेला. वाटलं, काहीतरी मोठं सांगणार. ती म्हणाली, ‘राजाला सांग, मिशीला हात लावू नकोस, ताव देतोस की खाजवतोस तेच कळत नाही. शब्द हाताआड जातात, ते इथून ऐकूनसुद्धा कळतंय मला.’ भाऊजी तिचे पाय चेपत होते. तेही हसले. मी बाहेर पळाले, कारण पेटी सुरू झाली होती.

दुसऱ्या अंकात ठोका येत राहिला, पण हलका. मग एका गाण्यात दोनदाच आला. त्याच्या पुढच्या गाण्यात आलाच नाही. थकली असेल, झोप लागली असेल, मी स्वतःची समजूत घालत होते. आणि शेवटचं गाणं आलं. त्यात आम्ही सगळे रंगमंचावर असतो, पुढच्या ओळी मी घेते.

निघताना म्हणू नये ‘जाते’, म्हणावं ‘येते’,
गेलेल्या पावलांना वाटच घरी नेते.

बादली. आम्ही थांबलो. खिडकीतून काही आलं नाही. पुढच्या ओळी घ्यायच्या होत्या, त्या मी घेतल्या.

भिंतीवरची सावली बघ, वर चढत जाते,
उद्या पुन्हा उतरेन मी, तीही म्हणते ‘येते’.

पुन्हा बादली. पुन्हा काही नाही. माझ्या मागे बायकांपैकी कुणीतरी हुंदका दाबला. पोस्टमन माझ्याकडे बघत होते, त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता. पेटीमास्तरांचा हात भात्यावर तसाच राहिला. अजून एकदा धृपद म्हटलं की गाणं संपत होतं, पण मला वाटलं, आता हे मोडणार. मी एकटीनेच ओळ सुरू केली, ‘निघताना म्हणू नये ‘जाते’, म्हणावं—’

ठण.

मागे सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी म्हणालंसुद्धा, ‘आहे, आहे.’ लोकांच्यात हलकंसं हसू पसरलं, की बाई जाग्या झाल्या आणि घाईत आधीच ठोकून बसल्या. मला मात्र तेव्हाच कळलं. माझ्या ताईचा हात मेला तरी ओळीच्या मधे पडला नसता. जगात एकच माणूस होता ज्याचा ठोका असा पडतो, नेमका दोन टाळ्यांच्या मधे, जिथे कुणीही ठोकणार नाही तिथे. ताई गेली होती, आणि आम्ही थांबू नये म्हणून भाऊजी ठोकत होते.

मी थांबले. जिथे त्यांनी ठोकलं तिथेच, अर्ध्या ओळीत, ‘म्हणावं’ या शब्दापाशी. ती बादली होती असं मी धरून चालले. मास्तरांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि भाता सोडला. बायका थांबल्या. पूर्ण एक बादली आम्ही उभे राहिलो, आणि मग सगळ्यांनी मिळून म्हटलं, ‘येते.’ पुढच्या ओळीत तो ठोका ‘गेलेल्या’ आणि ‘पावलांना’ यांच्या मधे आला. तिथेही थांबलो. मग ‘वाटच’नंतर लगेच. तिथेही. असं वेडंवाकडं, ठेचा खात, पण एकानेही न सोडता ते गाणं शेवटापर्यंत गेलं. बेकरीवाल्याने पडदा ओढला. टाळ्या चालू होत्या, मी आत गेले.

भाऊजी पलंगाच्या कडेला बसले होते. एका हातात ताईचा हात, दुसऱ्यात चमचा. पांघरूण गळ्यापर्यंत नीट ओढलेलं होतं. मी दारातच उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही.

‘ती म्हणाली होती, माझा डोळा लागला तर तुम्ही ठोका. नाहीतर ते थांबतील.’ ते चमच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, परीक्षा देऊन आलेल्या मुलासारखं त्यांनी विचारलं, ‘बरोबर पडत होतं ना?’

मला तोंड आवरायची सवय नाही. आयुष्यभर मी या माणसाच्या टाळ्यांची टर उडवली. मी खाली बसले, त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला आणि म्हटलं, ‘अगदी बरोबर, भाऊजी. एकही चुकला नाही.’