एका तिकिटातलं दुसरं

माझे वडील, आप्पा, पिक्चर कापायचे. म्हणजे एडिटर. त्यांच्या काळी एका तिकिटात दोन पिक्चर असत. मोठ्या नटांचं ते ए, आणि त्याच्या आधी लागणारं, तासाभराचं, स्वस्तातलं ते बी. बी म्हणजे नुसतं दुसरं. उरलेले सेट, उसने कपडे, आणि लांबी अशी की मोठं पिक्चर वेळेवर सुरू झालंच पाहिजे. या कापाकापीत आप्पांचा उभा जन्म गेला. पुढे थिएटरवाले एका तिकिटात एकच पिक्चर दाखवू लागले. जोडी मोडली, आणि बी हा शब्द शिवीसारखा मागे उरला. हे सगळ्या जगाला कळलं, आमच्या घरातला एक माणूस सोडून.

त्यामुळे 'बी-मूव्हीची धमाल दुपार' या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. मी कपाळावर हात मारला.

"आप्पा, लोक तिथे टिंगल करायला येतात."

"काहीतरीच! बोलावून कोण टिंगल करतं?"

किती सांगितलं, भिंतीशी बोलल्यासारखं. बी म्हणजे टुकार, एवढं मात्र माझ्या तोंडून निघेना.

त्या दुपारी पडद्यावर आप्पांनीच कापलेलं एक जुनं पिक्चर लागलं. राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसली आणि हॉल शिट्ट्यांनी दणाणला. नायिका मरताना तर लोक पोट धरधरून हसले. माझं रक्त उकळत होतं. आप्पा आपले कानाशी कुजबुजताहेत, "हा कट बघ, हा बघ."

दिवे लागले. लोक डोळे पुसत बाहेर पडले. आप्पा जागचे हलेनात.

"चला ना."

"थांब गं, मोठं पिक्चर आहे अजून."

"नाहीये, आप्पा. एवढंच होतं."

"एवढंच? मग याला बी कशाला म्हणाले?"

माइकची वायर गुंडाळणारा निवेदक मोकळेपणाने हसला. "अहो आजोबा, बी म्हणजे टुकार! म्हणून तर मजा!"

त्याच्या लेखी ते कौतुकच होतं. मला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

आप्पा रिकाम्या पडद्याकडे बघतच म्हणाले,

"तुझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी हेच सांगितलं होतं ना गं? बी-पिक्चरं करतो म्हणून?"

"हो."

"ते हसले होते. मला वाटलं, खूश झाले."